अनंत फंदी : आख्यायिका आणि कालक्रम

बाराव्या शतकातील ऑक्सितान त्रुबादूर बर्नार्त द व्हेंतादोर्न हा गढीतील भट्टी पेटविणाऱ्या नोकराचा मुलगा होता व अखेरीस मठवासी झाला, असे तेराव्या शतकातील त्याचे चरित्र सांगते. भट्टीचा तपशील मात्र एका समकालीन कवीच्या उपहासगीतात आधीच आढळतो. विडंबनाचे असे चरित्र होते.

संगमनेरच्या अनंत फंदीने (१७४४–१८१९) अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने तमाशा सोडून कीर्तन धरले, ही आख्यायिकाही अशीच तपासून घ्यावयास हवी. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मधली. अहिल्याबाईंचे निधन त्याच वर्षी ऑगस्टमधले. उपदेश या दरम्यानचा मानला, तर ती पन्नाशी उलटलेल्या शाहिराची उपरती ठरते. आधीचा मानला, तर खर्ड्यावरील त्याचा पोवाडा उपरतीनंतरचा ठरतो. म्हणजे फड सुटला, तरी शाहिरी सुटली नाही. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर 'श्रीमाधवनिधन' रचणारा कवीही तोच. त्याच्या फटक्यांत तर शाहिरी ठसका आणि कीर्तनकाराचा उपदेश एकत्रच नांदतात. शृंगार आणि उपरती असे त्याच्या काव्याचे दोन कप्पे समीक्षेने आख्यायिकेवरून पाडले. रचनांचा कालक्रम त्यांना दुजोरा देत नाही.