गोधडीची गुहा

आमच्या नगरचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. मी सांगतोय ती गोष्ट मात्र सगळे नगरच म्हणत त्या दिवसांतली, १९७०च्या दशकातली. वाड्यात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. ख्रिस्ती होत्या. अख्खी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणे. नगरला अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ इथूनच १८४२ मध्ये निघालं, लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा इथल्या राहुरीचा. त्यामुळे ख्रिस्ती शेजाराचं नगरकराला नवल नाही. बाई भेटल्या की ‘सलाम’ म्हणायच्या, आमची दादीही ‘सलाम’ म्हणायची. लहानपणी मला वाटे, दोघी एकाच माहेरच्या.

मे महिन्याच्या सुटीत दुपारी बाई आम्हा पोरांना उन्हात जाऊ देत नसत. दोन बाजा आडव्या करायच्या, वर गोधड्या टाकायच्या, की झाली गुहा. खेळ होता इफिस शहरातल्या सात तरुणांचा. इफिस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं.

इसवी सन २५०च्या सुमारास रोमन बादशहा डेसियसने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत, पपायरसवर लिहिलेले. अर्जदाराचं नाव, गाव, खाली साक्षीदार. एका बहात्तर वर्षांच्या माणसाच्या दाखल्यात तर ‘उजव्या भुवईवर व्रण’ अशी ओळखीची खूणही आहे. सरकारी कागद कुठलाही घ्या, सारखाच! ज्यांना बळी वाहायचा नव्हता त्यांतले सात तरुण गुहेत लपले, अशी कथा.

आमच्यात अधिकारी व्हायचा शेजारच्या गल्लीतला एक दांडगा पोरगा. पाटावर बसून पट्टी आपटायचा आणि विचारायचा, “बळी वाहिलास का?” मी आठ वर्षांचा. पहिल्याच दिवशी घाबरलो आणि दाखला घेतला. वहीचं फाडलेलं पान होतं ते. मग गुहेकडे गेलो तर पोरं आत घेईनात. “तू फुटलास!” एकजण म्हणाला, “हा तसाही आपल्यातला नाही.”

बाई आतून आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हेच भांडण तेव्हा खरोखर झालं होतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी वाहिला, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते परत दारात उभे. तिथले बिशप सिप्रियन स्वतः लपून राहिले होते. २५१ मध्ये ते परतले आणि धर्मगुरूंची सभा भरली. ज्यांनी फक्त कागद घेतला त्यांना पश्चात्तापानंतर परत घ्यावं, प्रत्यक्ष बळी वाहणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त घ्यावं, असं ठरलं. “आता तुम्ही सांगा, याचं काय करायचं?”

पोरं विचारात पडली. मीच मधे बोललो, की या गोष्टीत कुत्रा असतो, मी कुत्रा होतो. बाईंच्या गोष्टीत कुत्रा नव्हता. तो दादीच्या गोष्टीतला. कुराणात हीच कथा ‘अस्हाबे-कहफ’ म्हणजे गुहेतले लोक म्हणून येते, आणि कुत्रा उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला असतो. बाई खात्री करायला तडक दादीकडे गेल्या. दादीच्या हिशेबाने झोप तीनशे नऊ वर्षांची, बाईंच्या हिशेबाने दोनशेच्या आत. दोघींनी आकडा जुळवत बसायच्या ऐवजी चहा घेतला. कुत्रा मंजूर झाला. सुटीभर मी उंबऱ्यावर होतो आणि, खरं सांगतो, गुहेतल्यांपेक्षा मला वारा जास्त लागायचा.

बाई एक पथ्य पाळत. डेसियसचा हुकूम हा इतिहास आणि झोप ही कथा, हे त्या दरवेळी सांगत. आणि कथा लिहिलेली सापडते ती पुष्कळ नंतरची, सिरियाक भाषेत याकोब नावाच्या कवीची, पाचशे सालाच्या आसपासची.

सगळ्यांत रंगायचा तो शेवट. जागा झालेला एकजण भाकरी आणायला जातो. वेशीवर क्रूस बघून चक्रावतो. भाकरीवाला त्याचं नाणं बघतो आणि विचारतो, “पुरलेलं धन कुठं सापडलं?” बाई त्यासाठी जॉर्ज बादशहाचा भोकाचा पैसा द्यायच्या. मधे किती काळ गेला हे मला त्या भोकातून पहिल्यांदा दिसलं.

बाईंचा खेळ तिथे थांबे. मी हल्ली नातीबरोबर खेळतो तेव्हा पुढे नेतो. कारण ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म झाला आणि ३९१ मध्ये जुन्या देवांना बळी वाहण्यावरच बंदी आली. गुहेतून निघालेल्याला मी पाटावर बसवतो, पट्टी त्याच्या हातात देतो. नातीला हा भाग आवडत नाही. “मी नाही विचारणार कुणाला,” म्हणते. मी आग्रह करत नाही, पाट मात्र उचलत नाही.

भोकाचा पैसा आता हरवला. परवा तिला चार आणे देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. ते नाणं ३० जून २०११ पासून चलनात नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं. पोरगी धापा टाकत परत आली.

“नाना, तो पण तेच म्हणाला, कुठं सापडलं!”