भापा माछ

भापा माछ : मोहरीचे वाटण, हिरवी मिरची आणि कच्चे मोहरीचे तेल माशाला माखून तो बंद डब्यात वाफेवर शिजवण्याचा बंगाली प्रकार. याला फोडणी नाही, परतणे नाही, कांदा-लसूणही नाही. हिल्सा घातला तर भापा इलिश, कोळंबी घातली तर भापा चिंगडी. तेच वाटण माशाला लावून केळीच्या पानात बांधले की त्याला पातुरी म्हणतात. बंगळुरूसारख्या समुद्रापासून दूर, पठारावरच्या शहरातही हा पदार्थ घरी उत्तम होतो, कारण त्याला लागणारे जवळजवळ सर्व साहित्य तिथल्या रोजच्या स्वयंपाकातलेच आहे.

भांड्यापासूनच पाहावे. बंगालात भाताच्या उकळत्या हंड्यात झाकणाचा डबा सोडून मासा शिजवण्याची जुनी पद्धत आहे. बंगळुरूच्या घराघरांत इडलीपात्र असते. मराठी घरात मोदकपात्र. दोन्ही या कामाला योग्य. केळीची पाने कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये आणि बसवनगुडीच्या गांधी बझारात बारमाही मिळतात, नारळ तर दाराशी मिळतो. बाहेरून आणावे लागते ते मोहरीचे तेल. ते कच्च्या घाणीचेच घ्यावे. रिफाइंड तेलात झणका नसतो, आणि या पदार्थात झणक्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही.

मासा निवडताना हिल्साचा हट्ट धरू नये, असे स्पष्ट सांगायला हवे. हिल्सा (मराठीत पाला) समुद्रातून नदीत चढणारा मासा आहे. 1975 मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेतली त्याची वाट अडली. बांगलादेशाने 2012 मध्ये त्याची निर्यात बंद केली. 2019 पासून दुर्गापूजेच्या सुमारास मर्यादित प्रमाणात परवानगी मिळू लागली. बंगळुरूत येणारा हिल्सा बर्फातून लांबचा प्रवास करून येतो, महाग असतो आणि कधी शीतगृहात बरेच दिवस राहिलेलाही असतो. शिळ्या हिल्साची चरबी खवट होते. तो खवटपणा तळताना थोडाफार झाकला जातो. वाफेत तो उघडाच पडतो.

त्यापेक्षा भेटकी घ्यावी. भेटकी म्हणजे आपला जिताडा. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेताच्या तळ्यांतून वाढवतात आणि जावयासाठी राखून ठेवतात, तोच. बंगळुरूच्या दुकानांत तो ‘सीबास’ किंवा तमिळ नावाने ‘कोडुवा’ म्हणून विकला जातो. मांस पांढरे, घट्ट, काटा कमी. लहान मुलांच्या पानातही निर्धास्त वाढता येतो. आंध्रच्या तळ्यांतून येणारे रोहू आणि कटला हा स्वस्त पर्याय. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मंगळूर-मालपेची आवक आटते आणि तळ्यातल्या माशांवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये समुद्राची आणि गोड्या पाण्याची मासळी दोन्ही मिळते. व्हाइटफील्ड, मारतहळ्ळीकडे बंगाली वस्ती मोठी आहे. तिकडच्या बंगाली मासळीवाल्यांकडे ‘बोटी’वर, म्हणजे जमिनीवर बसून पायाने धरायच्या उभ्या पात्यावर, मासा कापून मिळतो. रोहू घेताना पाठीचा ‘गादा’ न घेता पोटाकडची ‘पेटी’ मागावी. पेटीत चरबी असते, त्यामुळे वाफेत ती कोरडी पडत नाही.

भापा बिघडतो तो बहुधा मोहरीपायी. मोहरीचा दाणा अखंड असताना तिखट नसतो. तो पाण्यात वाटला गेला की दाण्यातले मायरोसिनेज हे विकर त्यातल्याच सिनिग्रिन या घटकावर क्रिया करते आणि नाकात चढणारे उडनशील द्रव्य तयार होते. फार वेळ वाटले किंवा मिक्सर तापला तर झणका कमी होऊन कडवटपणा वर येतो. म्हणून पिवळी मोहरी जास्त आणि काळी थोडी घेऊन अर्धा तास भिजवावी, ते पाणी टाकून द्यावे, आणि मीठ व हिरवी मिरची घालून, थंड पाणी वापरून, मिक्सर थांबवत थांबवत वाटावी. काळ्या मोहरीची साले नको असतील तर वाटण गाळून घ्यावे. वाटण दहा मिनिटे झाकून ठेवले की झणका पुरता चढतो.

अर्धा किलो माशाला दोन मोठे चमचे पिवळी मोहरी, एक लहान चमचा काळी, चार-पाच मिरच्या, तीन मोठे चमचे खवलेला ओला नारळ, दोन चमचे घट्ट दही, अर्धा चमचा हळद आणि तीन मोठे चमचे मोहरीचे तेल पुरते. नारळ मोहरीबरोबरच वाटावा. दही आंबट नको आणि पातळ तर नकोच. माशाला स्वतःचे पाणी सुटते, त्यात दह्याच्या पाण्याची भर पडली की वाटण फुटते. तुकड्यांना हळद-मीठ चोळून दहा मिनिटांनी वाटण लावावे, स्टीलच्या डब्यात एका थरात मांडावे, वर चिरलेल्या मिरच्या आणि एक चमचा कच्चे तेल. झाकण घट्ट हवे. ते सैल असेल तर वर जमलेल्या वाफेचे थेंब डब्यात गळतात आणि वाटण पांचट होते. झाकणाखाली स्वच्छ फडके ताणून बांधल्यास हे टळते.

पाणी उकळल्यावरच डबा आत ठेवावा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर असल्याने तिथे पाणी 97 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. माशाला त्याने फार फरक पडत नाही. कोलकात्याच्या कृतीत दिलेल्या वेळेत मिनिट-दोन मिनिटे वाढवली की झाले. दोन सेंटीमीटर जाडीच्या भेटकीला बारा ते पंधरा मिनिटे लागतात, काटेरी जाड तुकड्यांना वीसपर्यंत. मांस काट्यापासून सुटू लागले आणि वाटणावर तेल तरंगले की विस्तव बंद करावा. डबा पाच मिनिटे तसाच राहू द्यावा. लगेच उघडला तर वास वाफेबरोबर निघून जातो.

पातुरीसाठी पान विस्तवावर शेकून लवचीक करावे, नाहीतर घडीवर फाटते. मुंबईकरांना पारशांची पत्रानी मच्छी ठाऊक आहे. तिच्यात पापलेटला नारळ-कोथिंबिरीची हिरवी चटणी लावतात आणि आंबटगोड चव असते. पातुरीत केळीचे पान तेच, पण चव सर्वस्वी मोहरीची. केरळातली मीन पोळ्ळिचतु पानातच बांधतात, मात्र ती तव्यावर भाजतात.

सोबत साधा गरम भात हवा, आणखी काही नको. बंगळुरूत सहज मिळणारा सोना मसुरी चालतो. बासमती घेऊ नये, त्याचा वास मोहरीला आडवा येतो. भापा ताजाच खावा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात पुन्हा वाफ देऊन गरम करावा, कढईत टाकू नये. पहिल्यांदा करणाऱ्याने भेटकीपासून सुरुवात करावी आणि तेलात काटकसर करू नये.