शिमीचा शोध

१९२३ साली फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत बलून टायर आणले. आधीच्या अरुंद, टणक टायरांपेक्षा ते रुंद होते आणि त्यांत हवेचा दाब बराच कमी असे. खड्ड्यांचे धक्के सौम्य झाले. पण लवकरच एक जुनी तक्रार नव्या जोराने वर आली. गाडी ठरावीक वेगाला पोचली की पुढची चाके डावी-उजवीकडे थडथडू लागत, स्टिअरिंग हातात ठरेना. अभियंते या दोषाला ‘शिमी’ म्हणत. त्याच दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक आले आणि दोष आणखी बळावला.

चालकाला तो स्टिअरिंगमध्ये जाणवे, मूळ मात्र खाली होते. त्या काळी बहुतेक गाड्यांत दोन्ही पुढची चाके एकाच अखंड ॲक्सलला जोडलेली असत. एक चाक उंचवट्यावर चढले की सगळा ॲक्सल तिरका होई. फिरते चाक म्हणजे एक भोवराच. त्याला एका दिशेने कलवले की ते दुसऱ्याच दिशेने वळू पाहते. मऊ टायर या हेलकाव्याला दाद देई आणि थरथर वाढत जाई. टायर बदलले होते, बाकीची गाडी जुनीच होती.

याच्या मुळाशी जाणाऱ्यांत मॉरिस ऑली हे नाव ठळक आहे. रोल्स-रॉइसमध्ये हेन्री रॉइसच्या हाताखाली तयार झालेला हा इंग्रज अभियंता १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. १९३२ मध्ये त्याने एका लांबलचक लिमोझिनच्या पुढे-मागे वजने बसवण्याची सोय केली. ती सरकवून गाडीचा भार कुठे, किती पसरतो हे बदलता येई. पुढच्या-मागच्या स्प्रिंगा किती दबतात हेही त्यातून बदले. आराम मोजणारे उपकरण हाताशी नव्हते. म्हणून एक बदल करायचा, गाडीत बसून फेरी मारायची, अंगाला काय जाणवते ते ठरवायचे आणि मग पुढचा बदल, हीच पद्धत.

निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट निघाला. तेव्हा पुढच्या स्प्रिंगा कडक ठेवत. ऑलीच्या मते त्या मागच्यांहून मऊ हव्या होत्या. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभर उशिरा. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट वर-खाली होते. नाहीतर पुढे-मागे डुलत राहते.

अडचण इथेच होती. पुढचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, इतके मऊ केले की अखंड ॲक्सलवर शिमी उसळे आणि ब्रेक दाबताच पाटे पिळवटत. त्यामुळे कॅस्टर, म्हणजे चाक सरळ धावायला मदत करणारा कल, बिघडे. थोडक्यात, आराम हवा तर अखंड ॲक्सललाच रजा द्यावी लागणार होती. मार्च १९३३ मध्ये प्रत्येक पुढचे चाक वेगळे हलू देणाऱ्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या प्रायोगिक गाड्या जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना दाखवण्यात आल्या आणि १९३४ च्या मॉडेलांत ते सस्पेन्शन आले.

अखंड ॲक्सल मात्र जुन्या गाड्यांत राहिलाच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच दक्षिण कॅलिफोर्नियातले तरुण अशा जुन्या फोर्ड गाड्या वेगासाठी बदलत. पुढचा भाग खाली आणायला ते खोलगट वळवलेला ॲक्सल बसवत. असा ॲक्सल घालताना स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन जमवले नाहीत, तर खड्ड्यात ॲक्सल एका कमानीत हले आणि दांडा दुसऱ्या कमानीत. परिणामी चाक आपोआप वळे. याला ‘बंप स्टिअर’ म्हणतात.

भारतातही अखंड ॲक्सल टिकून राहिला. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पाटे आणि अखंड ॲक्सल असलेल्या त्या घराण्यातल्या जीप आजही हौशी मंडळी उंच करतात. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक गाडीच्या चौकटीला जोडणाऱ्या कड्या, लावले की ॲक्सलचा कल, म्हणजेच कॅस्टर, बदलतो. गाडी उंच झाली की ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, तिरकी होते. मोठे, जड टायर तर थरथर वाढवतातच. थरथर शोषणारा स्टिअरिंग डँपर लावल्याने ती काही काळ दबते, कारण तसेच राहते.

म्हणून उंच केलेली गाडी थरथरू लागली, तर डँपर विकत घेण्याआधी टायरांतली हवा आणि चाकांचे बॅलन्सिंग तपासा. मग किंगपिन, टायरॉड एंड, बुश पाहा. कॅस्टर आणि टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत असलेला कल, मोजून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवून पाहा.