‘क्विट’ या शब्दाचा अर्थ



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला आपला आठवीचा वर्ग आठवला. गोंधळ चालला होता आणि मी मॉनिटर होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘कीप क्वाएट’ लिहिलं. निदान मला तसं वाटलं. घाईत ‘ई’ हे अक्षर गळलं आणि झालं ‘कीप क्विट’. सर आत आले, फळा वाचला, डस्टरने ‘कीप’ पुसलं आणि उरलेल्या शब्दापुढे ‘इंडिया’ लिहिलं. म्हणाले, “आता बरोबर झालं.” सगळा वर्ग हसला. मी मात्र मान खाली घालून बसले.

आपण पाचवीपासून इंग्रजी शिकलेली मुलं. शब्दाचा एकच अर्थ वहीत लिहायचा आणि पाठ करायचा. ‘क्विट म्हणजे सोडणे’, झालं. त्या दिवशी सरांनी विचारलं होतं, “कोणी सोडायचं? काय सोडायचं?” हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात एकदा फार मोठा झाला होता, हे मला पुढे वाचताना कळलं. आज तेच सांगते.

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्याला काँग्रेस कार्यसमितीने ठराव केला की हिंदुस्थानातली ब्रिटिश सत्ता संपली पाहिजे. ठरावाच्या इंग्रजी मसुद्यात मुख्य शब्द आहे ‘विथड्रॉवल’, म्हणजे काढून घेणे, मागे घेणे. त्यात एक खुलासाही आहे. सत्ता मागे घ्या, याचा अर्थ प्रत्येक इंग्रज माणसाने देश सोडावा असा नाही. ज्यांना इथेच घर करून राहायचं आहे त्यांनी तर मुळीच नाही. सोडायचं ते राज्य.

पण ‘विथड्रॉवल’ ही काही घोषणा होऊ शकत नाही. ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्द सुचवण्याचं श्रेय सहसा युसुफ मेहेरअलींना दिलं जातं. ते तेव्हा मुंबईचे महापौर होते. १९२८ मधल्या ‘सायमन गो बॅक’ या घोषणेचे जनकही तेच मानले जातात. ‘गेट आउट’ हाही पर्याय पुढे आला होता, पण तो गांधीजींना उद्धट वाटला, असं सांगतात.

‘क्विट’ हा शब्द इंग्रजांना चांगलाच ओळखीचा होता. ‘नोटीस टू क्विट’ म्हणजे मालकाने भाडेकरूला दिलेली जागा सोडण्याची नोटीस. त्यांनीच इथे केलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा संपवण्याच्या संदर्भात हा शब्द आला आहे. त्यामुळे मला वाटतं, ‘क्विट इंडिया’ वाचणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला न सांगताही कळलं असेल की घर कोणाचं आणि भाडेकरू कोण.

शब्दाचं मूळही पाहण्यासारखं आहे. लॅटिन ‘क्वाएटस’ म्हणजे शांत, निवांत. त्यातूनच फ्रेंचमार्गे ‘क्विट’ आला. ‘क्वाएट’ त्याचा सख्खा भाऊ, आणि निर्दोष सोडणे या अर्थाचा ‘अॅक्विट’ही त्याच घरातला. म्हणजे माझी फळ्यावरची चूक तशी घरातल्या घरातच होती!

आपल्याकडे या घोषणेची दोन रूपं झाली. ‘छोडो भारत’ म्हणजे हातातलं सोडा. ‘चले जाव’ म्हणजे निघून जा. पहिलं सत्तेला लागू पडतं, दुसरं समोर उभ्या असलेल्या माणसाला. आपल्या पुस्तकात दोन्ही होती आणि आपण ती एकच समजून लिहीत होतो.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने चळवळीवर शिक्कामोर्तब केलं. ९ ऑगस्टला पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. ठरावाचा अर्थ समजावून सांगणारं बाहेर कोणी उरलं नाही. गावोगाव पोहोचली ती घोषणा.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. वर्ध्याच्या ठरावाला ३३ दिवस झाले होते. आष्टी तेव्हा आर्वी तालुक्यात होतं. तिथे लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, आपली माणसं पडली. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही तसंच घडलं. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. आष्टी-चिमूरच्या कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं. १९४५ मध्ये त्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या.

त्या मोर्चातल्या किती जणांना इंग्रजी येत असेल? वर्ध्याच्या ठरावातला राज्य आणि माणूस यांच्यातला फरक त्यांच्यापर्यंत पोहोचला असता, तर त्या दिवशी काही जीव वाचले असते का, हे मला सांगता येत नाही. समोर बंदूक असताना हा फरक करणं सोपं नसतं, एवढं कळतं. पण त्या ठाण्यातले शिपाईही याच देशाचे होते, हे विसरून मला आष्टीची गोष्ट पुरी सांगता येत नाही.

आता थोडं माझं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीतून होतं. दोन महिन्यांत मी बॅग भरून तळेगावला परत आले. आबाजी एवढंच म्हणाले, “पोरी, तुह्या सरायले भेटून ये.” सरांना म्हटलं, “सर, मी क्विट करते.” त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, “काय सोडतेस? कॉलेज, की इंग्रजीची भीती?” सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी परत गेले. भीती सुटायला मात्र पुढची दोन वर्षं लागली.

आज वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे. तिथे ‘क्विट’ रोजचाच. नव्या मुलांना मी सांगते की खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद झाला असं नाही. तो मागे चालूच असू शकतो. काय बंद करायचं आहे ते आधी ठरवा. हे सांगताना प्रत्येक वेळी मला आपला फळा दिसतो.

एक सूचना करते. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे आष्टीच्या हुतात्मा स्मारकावर जाऊन येऊ. आपल्याच तालुक्यात आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं आहे. मुलांनाही सोबत आणा. आणि सर, तुम्ही बरोबर असाल, तर तिथे उभं राहून तो तास पुन्हा एकदा घ्या. या वेळी मी स्पेलिंग चुकवणार नाही.