तेलगी, मुद्रांक आणि रेल्वेचा डबा

मागच्या आठवड्यात बऱ्याच श्रोत्यांनी 'अमेरिकन हसल' या सिनेमावर बोला म्हणून कळवलं. बोलू की. पण पूर्णेत बसून न्यू जर्सीची गोष्ट सांगायची, तर आधी आपल्याकडची सांगायला हवी.

त्या सिनेमामागची खरी घटना १९७८ ते १९८० मधली. एफबीआयने एका सराईत ठगालाच हाताशी धरलं, नकली अरब शेख उभा केला आणि लाच घेणारे पुढारी कॅमेऱ्यात पकडले. एक सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. म्हणजे तिथे सरकारने ठग वापरला. आपल्याकडे ठगाने सरकार वापरलं.

अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले आणि पोरगं गाड्यांमध्ये फळं विकायला लागलं. आपलं पूर्णा म्हणजे जंक्शन. गाडी थांबली की टोपली घेऊन खिडक्यांखाली पळणारी पोरं आपण लहानपणापासून पाहिलीत, त्यामुळे ही सुरुवात आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढचं मात्र समजून घ्यावं लागतं.

१९९४ मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधली मोडीत निघालेली यंत्रं मिळवली आणि मुद्रांक छापायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण? शेताची खरेदी करणारा तुमच्याआमच्यासारखा माणूस नव्हे. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. म्हणजे ज्यांना मुद्रांक ढिगाने लागतात असे. मला यातली खरी मेख इथेच दिसते. नकली नोट हातात आली तर घेणारा बोंब मारतो, कारण नुकसान त्याचं होतं. नकली मुद्रांकावर करार झाला, दोन्ही बाजूंनी तो पाळला, तर बोंब मारणार कोण? बुडाली ती सरकारी तिजोरी. आणि तिजोरीची राखण ज्यांच्याकडे, त्यांतल्या काहींना हप्ता पोचत होता.

३० हजार कोटी हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो वर्तमानपत्रांनी गाजवलेला आहे, त्यावर फार विसंबू नका.

नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगी अजमेरला पकडला गेला. पण प्रकरण खरं पेटलं ते पुढच्या वर्षी पुण्यात बंडगार्डन पोलिसांकडे गुन्हा दाखल झाल्यावर. अण्णा हजारे उच्च न्यायालयात गेले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. मुंबईचे पोलीस आयुक्त रणजित शर्मा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर २००३ ला, त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात छगन भुजबळांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं. निमित्त होतं ते कार्यकर्त्यांनी एका वाहिनीच्या कार्यालयावर केलेल्या हल्ल्याचं. धुळ्याचे आमदार अनिल गोटे मोक्काखाली आत गेले.

आता पुढचं ऐका, कारण मालिका-सिनेमे साधारण इथेच संपतात. शर्मांना न्यायालयाने आरोपांतून मुक्त केलं. गोटे २००९ आणि २०१४ मध्ये पुन्हा निवडून आले. तेलगीला मात्र शिक्षेवर शिक्षा झाली. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने १३ वर्षं कैद आणि तब्बल २०२ कोटींचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंगळुरूच्या रुग्णालयात वारला. ३१ डिसेंबर २०१८ ला नाशिकच्या न्यायालयाने त्याला आणखी सात जणांसह एका खटल्यात पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. मेल्यावर वर्षभराने! त्या सात जणांत रेल्वे सुरक्षा दलाची माणसंही होती, कारण नाशिकचे मुद्रांक रेल्वेनेच जायचे आणि आरोप वाटेतल्या चोरीचा होता.

२०२३ मध्ये आलेली 'स्कॅम २००३' बघताना गगन देव रियारने साकारलेला तेलगी आवडायला लागतो. मलाही आवडला. गोड बोलतो, पैसे उधळतो, गरिबीतून वर येतो. पण पडद्यावर तिजोरीला चेहरा नसतो ना, म्हणून आपल्याला राग येत नाही. त्याच तिजोरीतून आपल्या गोदाकाठच्या खेड्यांतले रस्ते आणि दवाखाने व्हायचे असतात, हे बघताना डोक्यात येतच नाही.

या प्रकरणानंतर फ्रँकिंग वाढलं, मग ऑनलाइन चलन आलं. कागद मात्र पूर्ण सुटला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाचं काम पाचशेवर गेलं. तेव्हा तहसीलपाशी साधं प्रतिज्ञापत्र करायला गेलेला माणूस विचारायचा, एवढे कशाला? विक्रेता नोंदवहीत नाव लिहायचा, सही घ्यायचा आणि कागद पुढे सरकवायचा.