"मोठेपणी तू कोण होणार?" : एका प्रश्नाचा इतिहास

आज पहिलीतल्या मुलालाही पाहुणे विचारतात, "मोठेपणी तू कोण होणार?" अंतराळवीर, डॉक्टर, क्रिकेटपटू, कोणतेही उत्तर चालते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी खेड्यात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे, कारण उत्तर मूल जन्मण्यापूर्वीच ठरलेले असे. आजचा थ्रेड त्या ठरलेल्या उत्तराविषयी, आणि ते बदलू पाहणाऱ्या कोल्हापूर संस्थानाविषयी.

गावगाड्यात सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार. बारा बलुतेदारांची यादी प्रांतागणिक थोडी बदलते, तत्त्व बदलत नाही: वर्षभर गावाची सेवा करायची आणि सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, घ्यायचे. वतन हा वंशपरंपरागत हक्क. न्यायाने सांगायचे तर ती पोटाची हमीही होती. म्हणून तर वतनांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. पण हमी सर्वांना सारखी नव्हती. महार वतनदाराला जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री राबावे लागे, आणि तेच ओझे पुढे मुलाच्या डोक्यावर येई.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानातील ७१ प्रशासकीय पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखण्याचा प्रसिद्ध आदेश निघाला. तो सर्वांना ठाऊक असतो. मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती १९०१ पासून कोल्हापुरात उभी राहिलेली वसतिगृहे: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाला शहरात निजायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर राखीव नोकरीपर्यंत तो पोहोचणार कसा? १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता!

१९१८ साली घाव मुळावर पडला. बलुतेदारी रद्द झाली, कोणालाही कोणताही व्यवसाय करण्याची मुभा मिळाली, महार वतनेही खालसा झाली. कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी आले आणि त्या पदांसाठी अस्पृश्य समाजातील तरुणांनाही तयार करण्यात आले. ज्या घरातला मुलगा कालपर्यंत गावचे टपाल वाहून नेई, त्याच्या हाती आता गावचे दफ्तर येऊ शकत होते. तुलनेसाठी एवढेच पाहा: मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये.

मात्र हुकमाने व्यवसाय मोकळा होतो, गिऱ्हाईक मिळत नाही. हे गंगाराम कांबळे यांच्या गोष्टीत दिसते. राजवाड्याच्या पागेत नोकरी करणाऱ्या गंगाराम यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. त्यांनी भर वस्तीत चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवीत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी दिलेला कप नाकारणे सोपे नव्हते.

मुलींच्या बाबतीत ही दारे फार थोड्या घरांत उघडली. रखमाबाई केळवकर यांच्याकडे संस्थानातील स्त्रीशिक्षणाची जबाबदारी होती. त्यांची कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि कोल्हापूरच्याच रुग्णालयात काम करू लागली. आईचे काम पाहत वाढलेल्या मुलीला "तू कोण होणार" हे विचारावे लागले नसावे.

आणि काही व्यवसाय असे, की ज्यांना तोवर नावच नव्हते. याच कोल्हापुरात कारागिरांच्या घरात जन्मलेले बाबुराव मिस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' झाले. सिनेमाचे वेड लागले, पण कॅमेरा विकत घेणे परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी आणि चुलतबंधू आनंदराव यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबुरावांनी काम सोडले नाही. घरात पिढीजात असलेली धातूची आणि लाकडाची जाण या कामी आली. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्याच सुमारास त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करायला एक पोरसवदा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम.