सापडलेला कागद आणि त्यावरील टिपण : चंदगडच्या सीमाप्रदेशाच्या संदर्भात

जुना कागद सापडणे ही इतिहाससंशोधनातील पहिली घटना असली, तरी तेवढ्याने संशोधन पुरे होत नाही. कागद ज्याच्या हाती येतो त्याला तो इतरांपुढे ठेवावा लागतो. ठेवताना तो कोठे व कोणत्या स्थितीत मिळाला आणि आपल्याला त्यातून काय दिसते, हेही थोडक्यात सांगावे लागते. या थोडक्यात सांगण्यालाच मराठीत टिपण म्हणतात. ग्रंथ व प्रस्तावना यांची चर्चा पुष्कळ झाली. टिपणाकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा पाया बव्हंशी अशा टिपणांनीच घातला आहे. ही परंपरा कशी घडली आणि चंदगडसारख्या सीमेवरील तालुक्यात तिचे कोणते पथ्य विशेष कसोशीने पाळले पाहिजे, याचा विचार येथे केला आहे.

१

सापडलेली वस्तू नियतकालिकातून लोकांपुढे मांडून तिच्यावर चार ओळी लिहिण्याची रीत इंग्रजीत १८४९ साली लंडनला निघालेल्या ‘नोट्स अँड क्वेरीज’ या पत्राने रूढ केली. हिंदुस्थानात जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली मुंबईहून ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केले, तेव्हा शिलालेख व ताम्रपट यांना तसे स्थान मिळाले. परंतु त्याची भाषा इंग्रजी होती. ज्यांच्या घरांत दप्तरे बांधून ठेवलेली होती त्या मंडळींपर्यंत तो व्यवहार पोहोचणे कठीण होते.

ही उणीव १८७८ साली सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने भरून काढली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. संस्कृत काव्ये, मराठी काव्ये आणि बखरी व ऐतिहासिक पत्रे असे मजकुराचे विभाग त्यात असत. जुना लेख जसाच्या तसा छापावा आणि आपले म्हणणे तळटीपेत ठेवावे, ही शिस्त मराठी वाचकाला प्रथम येथे परिचित झाली. मूळ आणि मत यांच्यामध्ये छपाईतील एक आडवी रेघ आली. पुढील सर्व प्रगतीचे बीज त्या रेघेत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८९७ मध्ये मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आरंभिला. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे छापताना त्या त्या प्रकरणाची हकीकत ते आधी सांगत व मग पत्रे देत. पुढील वर्षी, १८९८ साली, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. तिचे एकंदर बावीस खंड झाले. राजवाड्यांच्या हातून टिपणाचे रूप पालटले. कागदावरचे भाष्य वाढत जाऊन कधी कधी ते स्वतंत्र प्रबंधच होई. १९२२ साली त्यांनी संपादिलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’च्या बाबतीत तर मूळ काव्यापेक्षा प्रस्तावनेचीच ख्याती अधिक झाली. यात राजवाड्यांच्या प्रतिभेचा गौरव आहे. पण टिपणाची मर्यादा कोठे संपते हा प्रश्नही त्यातून उपस्थित होतो.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभांत सभासद कागद घेऊन येत, तो वाचून दाखवत, दोन शब्द बोलत. आणि हे सारे मंडळाच्या इतिवृत्तांतून व संमेलनवृत्तांतून छापले जाई. पुढे त्रैमासिकाने हेच कार्य चालविले. टिपण लिहिणारा पुष्कळदा प्राध्यापक नसे. तो वकील, शिक्षक किंवा कारकून असे. त्याला सिद्धान्त मांडण्याची घाई नव्हती. आपण काय पाहिले हे नीट सांगितले की त्याचे काम होत असे.

२

अशा एका प्रकाशनाचे फळ किती दूरवर पोहोचते याचे उत्तम उदाहरण म्हणजे जेधे शकावली. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात आपल्या विवेचनासह प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस झाला, अशी नोंद तीत आहे. तोवर बखरींच्या आधारे १६२७ हे वर्ष सामान्यतः मानले जात होते. एका कागदाने हा प्रश्न सुटला नाही, आणि सुटू नये हेच योग्य. परंतु कागद कोणत्या घराण्याचा व त्यात नेमके काय लिहिले आहे हे उघड असल्यामुळे इतरांना तो पडताळून पाहता आला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरास मिळालेले परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापले गेले आणि त्यातही तीच तिथी निघाली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने २००१ साली स्वीकारली. संमेलनवृत्तातील काही पानांपासून शासननिर्णयापर्यंतचे अंतर पंच्याऐंशी वर्षांचे आहे.

याच्या उलट उदाहरण ज्ञानेश्वरीच्या पोथीचे. बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती संहिता एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादिले. तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासात त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. परिणामी तिच्या प्राचीनत्वाविषयीचा वाद पोथी समोर ठेवून मिटविता येत नाही. राजवाड्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा की नाही, एवढाच पर्याय उरतो. एक कागद टिकला आणि त्यावर वाद होऊ शकला. दुसरा हरपला आणि वाद व्यक्तीच्या अधिकारावर येऊन थांबला. टिपणकाराची प्रतिष्ठा कितीही थोर असली तरी ती मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही.

३

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे आणखी एक सूक्ष्म बाब आहे. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर हे केवळ नक्कल करणे नव्हे. मोडीत ऱ्हस्व व दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः दाखविला जात नाही. शब्द सुटे न लिहिता ओळ सलग ओढली जाते. तेव्हा छापील पानावर दिसणारे ऱ्हस्वदीर्घ आणि शब्दांमधील अंतर हे मूळ लेखकाचे नसून लिप्यंतरकाराचे असते. भाष्य तळटीपेत सुरू होते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ते पहिला शब्द तोडतानाच सुरू झालेले असते. हे जाणून ज्याने आपली पद्धत आरंभी सांगितली, त्याचे लिप्यंतर भाषेच्या इतिहासाला उपयोगी पडते.

४

चंदगड तालुक्यात हे पथ्य अधिकच महत्त्वाचे ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातून चंदगड तालुका वगळण्यात आला आणि तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. तत्पूर्वी हा प्रदेश कोल्हापूर संस्थानात नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकातील चंदगडची माहिती पाहावयाची तर १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटिअर नव्हे, तर १८८४ चे बेळगावचे गॅझेटिअर उघडावे लागते. यातून टिपणकारासाठी एक व्यावहारिक धडा निघतो. १९५६ पूर्वी ‘बेळगाव जिल्ह्यात मिळाला’ एवढेच नोंदलेला कागद आजच्या कोणत्या जिल्ह्यातील, नव्हे कोणत्या राज्यातील आहे, हे केवळ त्या नोंदीवरून ठरविता येत नाही. जिल्ह्याच्या सीमा बदलतात. गावाचे नाव सहसा टिकते. गाव, तालुका आणि कागद ज्या घरात किंवा देवळात होता ते स्थान लिहिल्याशिवाय टिपण पुरे झाले असे समजू नये.

दुसरी गोष्ट परंपरेविषयीची. या तालुक्यात पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड व महिपालगड हे किल्ले आहेत. पारगडावर तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायाजी यांस महाराजांनी नेमले, असे परंपरेने सांगितले जाते. अशी परंपरा हेही संशोधनाचे साधन आहे व ती अवश्य नोंदावी. मात्र ती कोणी व केव्हा सांगितली हे लिहून ती कागदाच्या मजकुरापासून वेगळी ठेवावी. दोहोंची सरमिसळ झाली की परंपरेचाही मान जातो आणि कागदाचाही.

तिसरी गोष्ट बोलीची. घाटाखाली कोकणीचा शेजार आणि पूर्वेस कन्नडचा संपर्क, यांमुळे चंदगडी बोलीचे रूप पुणेरी लेखनभाषेहून निराळे आहे. येथील एखाद्या हिशेबाच्या वहीत किंवा घरगुती पत्रात अपरिचित रूप आढळले, तर ते लेखकाचे अज्ञान समजून दुरुस्त करण्याचा मोह लिप्यंतरकारास होतो. असे दुरुस्त केलेले रूप कायमचे नाहीसे होते, कारण मूळ कागद पाहण्यास फार थोडे लोक जातात. जी ‘चूक’ म्हणून पुसली गेली, तीच कदाचित त्या गावच्या जिभेची एकमेव लिखित साक्ष असते.

ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे याच तालुक्यातील गाव. तेथील रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या पेशव्याचे चरित्र कोवाडच्या लेखकाला उभे करता आले, याचे एक कारण हे की त्या काळाचे कागद तोवर छापून सर्वांच्या आवाक्यात आले होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले होते. खरे व राजवाडे यांचे कार्य त्याहून जुने. दूरच्या दप्तरांनी या तालुक्याला जे दिले, त्याची परतफेड येथील घरांतल्या कागदांनी करावयाची, तर त्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची प्रथम गरज नाही. कागद जसा आहे तसा उतरावा, स्थान लिहावे, आपले मत रेघेखाली ठेवावे आणि मूळ वस्तू जपावी. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला ते मत खोडून काढावेसे वाटले, तर त्याच्या हाती साधन राहिलेले असेल.